कॉर्डलेसवर फुटलेली बातमी

अरे, आमच्या राजाजीनगरच्या शेजारणीचं ऐका. आम्ही नवीन कॉर्डलेस फोन घेतला होता. बायकोने त्यावरून पुण्याला बहिणीला सांगितलं की दिवस गेलेत. माझ्या आईलाही अजून कळवलं नव्हतं, आणि संध्याकाळी शेजारच्या कानडी अक्का दारात पेढे मागायला हजर.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"आमचाही फोन तुमच्यासारखाच आहे ना. उचलला की तुमचंच बोलणं ऐकू येतं."

"मग लगेच ठेवून द्यायचा."

"अर्ध्यावर कसा ठेवणार?"

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन फोनचा चॅनल बदलून आणला. आठवड्याभराने अक्का पुन्हा आल्या, वर माझ्यावरच रागावलेल्या.

"सगळं सरी, ठीक आहे ना? हल्ली तुमचं काहीच ऐकू येत नाही. माणसाला काळजी वाटते."