बिनदाराचे स्वयंपाकघर

घर बांधताना वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा, असे म्हणतात. आमच्या घोडेगावात तो न मागताही मिळतो. वास्तुशांत आठ दिवसांवर आली असताना मी फरशी निवडण्यासाठी दोन दिवस नारायणगावी गेलो. परतून पाहतो, तर स्वयंपाकघराला चारही भिंती अखंड. दार म्हणून नाही!

“तात्या, हे काय?” मी गवंड्याला विचारले.

“तुमचे मामा म्हनले, दक्षिणंचं दार अशुभ, बुजवा. मेव्हणे म्हनले, पूर्वेच्या दारानं चुलीला वारा लागतो, त्येबी बुजवा. एवढ्या मोठ्या माणसांचा शब्द मोडायचा कसा?”

“उत्तम. आणि माझ्या पत्नीने आत जायचे कोठून?”

“त्ये कुणीच सांगितलं न्हाई, गुरुजी. उद्या तुमचे साडू येनार हायेत, त्यांना इचारू.”