टाकीतलं तेल

...आणि वर मलाच विचारतात, "तेल घातलं का?" अहो, घातलं! तुम्हाला सांगतो, ही टू-स्ट्रोक गाडी म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून पाजायचं, नाही पाजलं तर इंजिन जाम! हे मेकॅनिकने गाडी गळ्यात मारताना एकदाच सांगितलं, पण नेमकं आमच्या घरच्यांसमोर सांगितलं, आणि तेव्हापासून मी चप्पल शोधत असलो तरी आतून आवाज, "तेल घातलं का?"

तो मेकॅनिक म्हणाला, "साहेब, लहान दिसते पण चित्ता आहे, चित्ता!" अरे बाबा, चित्त्याला किक मारून बघितलीस का कधी? उलटी येते ती किक, थेट नडगीवर! आणि पळते कशी? आधी काहीच नाही... काहीच नाही... शेजारून सायकलवाला पुढे जातो... आणि मग एकदम असा हिसका, की गाडी पुढे आणि जीव मागे. हँडल इतकं खाली, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस टाकीला कान लावून काहीतरी ऐकतोय. पुढे 'एल'ची पाटी, मागे पोरांची फौज, आणि अख्खी इमारत डोळ्यांत तेल घालून बघत बसलेली. तिथेही तेलच!

तुम्ही म्हणाल, पन्नाशीत ही थेरं कशाला? कशाला म्हणजे... लग्नाआधी हिला सांगून बसलो होतो ना, मोटारसायकल घेईन, तुला मागे बसवून फिरवीन. सगळा संसार बसस्टॉपवर उभं राहून झाला, ही एका शब्दाने बोलली नाही. आता तिचे गुडघे कुरकुरायला लागलेत. आज नाही बसली तर कधी बसणार? वाईट वाटतं हो. पण बाईसाहेबांची अट काय? "ती 'एल'ची पाटी निघाल्याशिवाय मी मागे बसायची नाही. आणि तेल घातलं का?"

तर आज आरटीओच्या साहेबांसमोर लायसन्सची परीक्षा. मैदानात आठचा आकडा काढायचा, पाय टेकला की नापास. आजवर माझा आठ कधी पुरा झालाच नव्हता, दर वेळी तीनवरच पाय टेकायचा. पण आज, शपथेवर सांगतो, काय वळली गाडी! लोण्यासारखी! पाय नाही, अंगठा नाही, काही टेकलं नाही! मान वर करून बघतो तर... साहेब कुठे? मैदान कुठे? नुसता धूर! तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात ना, माझ्या हाती आलं ते दोन चाकांचं!

धुरातून खोकत साहेब बाहेर आले. "पाय टेकला की नाही, मला काही दिसलं नाही. पुन्हा या. आणि काय हो, हा डोक्याच्या तेलाचा वास कुठून येतोय?" मी आपला केसांवरून हात फिरवला. कोरडे!

तेवढ्यात गाडीही बंद. परीक्षा बघायला बसने आलेली ही हळूच म्हणते, "मी सकाळी थोडं घातलं होतं हो... तुम्ही विसराल म्हणून." अगं, मी पण घातलं होतं!

मग काय, आणली ढकलत. मागे बसेन म्हणाली होती, मागे आली खरी, पण ढकलायला! वाटेत म्हणाली, "आठ छान काढलात." म्हटलं, एवढ्या धुरात तुला काय दिसलं? "मी कुठे आकडा बघत होते? खाली वाकून तुमचे पाय बघत होते. नाही टेकले." मी हँडल सोडून आधी डोळे पुसले... धुराने हो, धुराने.

घरी आलो तर दारात आई. "आलास? परीक्षेला उशीर होईल म्हणून मीच घातलं होतं हो तेल टाकीत. अगंबाई, डोकं किती तापलंय तुझं! बस, तेल घालते डोक्याला." आणि बाटली उपडी केली, तर थेंब नाही! म्हटलं, आई, सगळं गाडीला पाजलंस. तिने बाटलीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि म्हणाली, "मग काढ की त्यातलं थोडं!"

वाद कोण घालणार? अंगात त्राण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे एखादी नळी आहे का हो?