बेटावरची मेंबर

काय सांगू तुम्हाला, माझा जन्म या अर्नाळ्याच्या बेटावरचा आनि लगीनही बेटावरच झालं, शाळा चौथीपर्यंत, मग आईबरोबर पाटी घेऊन पलीकडं मासे विकायला. पलीकडं जायचं म्हनजे होडी, आनि होडी काय कोरड्याला टेकत नाय, कमरेएवढ्या पान्यात उतरायचं, डोक्यावर पाटी, आनि तसंच ओल्या लुगड्यानं बाजारात बसायचं.

मेंबर कशी झाले ते सांगते. पंचायतीत बाईची सीट आली. माझे थोरले दीर, आमचे भावजी, त्यांच्या दोन मोठ्या बोटी, गावात शब्द चालायचा, ते म्हनाले हेमा, तू उभी राहा, बाकी मी बघतो. निवडून आले. मग दोन वर्षं भावजी सांगतील तिथं सही. वाईट नव्हते हो ते, आमचे मालक आजारी पडले तेव्हा त्यांनीच घर सांभाळलं, खोटं कशाला बोलू.

मग जेटी मंजूर झाली, होडी टेकायचा धक्का, एकच. भावजींना ती वरच्या अंगाला हवी, त्यांच्या बोटी लागतात तिथं. बायकांना खालच्या अंगाला, जिथून होडी सुटते. त्याच दिवसांत शेजारची सुनंदा, दिवस भरलेली, कळा सुरू झाल्या, तिला चौघांनी खुर्चीवर बसवून पान्यातून होडीकडं नेली. लाट आली, खुर्ची कलंडली. तिचा हात माझ्या हातात होता. बाई वाचली, बाळ नाय वाचलं.

जेटीची जागा ठरवायला पंचायतीची सभा होती, त्या सकाळी भावजी घरी आले, चहा प्याले, म्हनाले हात कुठं वर करायचा ते ठाऊक आहे ना. मी म्हटलं भावजी, उभी तुम्ही केलीत, पन मतं बायकांनीही दिलीत ना. त्यांनी कप ठेवला आनि गेले. सभेत तीन हात इकडं, तीन तिकडं, सगळे माझ्याकडं बघतायत. मी हात वर केला, खालच्या अंगासाठी.

भावजींनी बोलनं टाकलं. पुढच्या निवडनुकीत त्यांनी स्वतःची सून उभी केली आनि मी पडले. बायकांनीही तिकडंच मतं दिली, घरचे पुरुष भावजींच्या बोटीवर कामाला, त्या तरी काय करनार. रडले मी, पन मनात धरलं नाय कोनाचं.

आता खालच्या अंगाला जेटी झाली, मी अजून पाटी घेऊन जाते. पोरी विचारतात मेंबर, परत उभी राहशील का. मी म्हनते तुम्ही राहा, फक्त कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

परवा होळीला मीच भावजींच्या दारात गेले. थकलेत आता, खाटेवर असतात. पाया पडले. ते म्हनाले, बस. एवढंच. मी बसले. देव त्यांना आयुष्य देवो.