अस्सल तेलाची परीक्षा

दातांच्या दवाखान्यात शिंपीकाका सुजलेला गाल धरून बसले होते. दाढेत लवंगतेलाचा बोळा, त्यामुळे तोंड बंद आणि कान मोकळे. शेजारच्या नणंद-भावजयींना त्याचं काही नव्हतं.

"वहिनी, निलगिरीचं तेल हल्ली कुठून आणतेस गं?"

"आधीचं दुकान सोडलं बाई. अस्सल तेलाचा थेंब कागदावर टाकला की उडून जातो. डाग राहिला, तर समजायचं भेसळ आहे."

"मग टाकलास?"

"टाकला ना. कागद सापडेना, म्हणून तुझ्या दादाच्या शर्टावर."

"जुन्या?"

"कोऱ्या करकरीत!"

काकांनी डोळे मिटून घेतले.

"मग गं?"

"डाग अजून आहे. दुकान सुटलं."

"आणि आता?"

"बाजारामागचे एक आजोबा आहेत. बाटली लहान, भाव परवडणारा. तरी माझी खात्री पटेना. मग बाळाच्या सर्दीसाठी तेल मागितलं, तर म्हणाले, एवढ्या लहान बाळाला हे लावू नका, आधी डॉक्टरांना विचारा."

"म्हणजे दिलंच नाही?"

"गिऱ्हाईक समोर उभं असून नाही दिलं! तिथेच ठरवलं, आता घरातलं सगळं तेल ह्यांच्याकडूनच."

"मग मलाही ने की. येताना दादाचा शर्ट आणू?"

"गप गं!"

काकांनी हळूच खिशातली लवंगतेलाची बाटली काढली आणि मांडीवरच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकला.

तेवढ्यात आतून हाक आली, "काका, या. फार ठणकतंय ना?"

काकांनी बोळा काढला.

"दाढ थांबेल हो डॉक्टर. आधी हे वाळू दे."