समाधानाचा फॉर्म

मंडळी, ऐका! जो माणूस सगळ्यांवर संशय घेतो, तो फसतो कुणाकडून? हसताय? हसा, हसा! उत्तर शेवटी मागणार आहे.

एक विद्यापीठ होतं. तिथं वनस्पतीशास्त्राच्या विभागप्रमुख कोरान्ने मॅडम. वरून काटकसरीचा हुकूम, भरती बंद! सहा जणांचं काम तिघांवर — मॅडम, त्यांचे जुने सहकारी डोईफोडे सर, आणि तासांवर शिकवणारे ठोंबरे सर. ठोंबऱ्यांना कायम करा, असा प्रस्ताव मॅडमनीच पाठवलेला.

आणि एके दिवशी वरून कागद आले — 'नोकरीत आपण किती समाधानी? खूण करा. नाव लिहू नये.'

"नाव लिहू नये म्हणे!" मॅडम फणकारल्या. "पण विभाग लिहा, नोकरीची वर्षं लिहा! अहो डोईफोडे, आपण तिघंच. ओळखायला काय ज्योतिषी लागतो?" — आता बोला, खोटं होतं का? — "सापळा आहे हा. तक्रार करेल तो आधी उडणार!"

तेवढ्यात त्यांची नजर ठोंबऱ्यांवर गेली. गडी कोपऱ्यात बसून कागदाच्या पाठीवर लिहितोय — मान खाली, सरसर! मॅडमनी डोईफोड्यांना कोपरानं ढोसलं.

"बघा, बघा! कायम व्हायचंय ना — आपल्या चुगल्या पोचवतोय!"

झालं! दोघांनी भराभर खुणा केल्या. सोयी? समाधानी! कामाचा ताण? छे हो, मुळीच नाही! मॅडमच्या कमरेला दुखण्याचा पट्टा बांधलेला, हां मंडळी — पण ताण नाही!

महिन्याभरात पत्र आलं. 'बहुतेक शिक्षकांना ताण नाही. सबब नवीन पद नामंजूर, तासांवरच्या नेमणुका बंद. सोबतचा एकच फॉर्म विसंगत आहे. विभागप्रमुखांनी खुलासा करावा.'

मॅडमनी तो फॉर्म उलटला. ठोंबऱ्यांचं अक्षर! 'आमच्या मॅडम सलग पाच तास घेतात. परवा फळ्यापाशी चक्कर येऊन पडल्या. माझं राहू द्या, पण त्यांना माणूस द्या.'

दारात ठोंबरे उभे. प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवत म्हणाले, "मॅडम, आपण तिघांनी सांगूनही ऐकलं नाही हो त्यांनी!"

तिघांनी! मॅडमना रडू कोसळलं. काय खुलासा लिहिणार हो त्या?

बघा मंडळी! आत्ताही तुमच्यातला एखादा मनात म्हणतोय, ह्या बुवाला कुणी पढवून पाठवलंय! असू दे. घरी जाताना शेजारी बसलेल्याकडे एकदा नीट बघा. तोही कुठंतरी तुमच्याबद्दल बोलत असेल — काय बोलतो, ते त्यालाच विचारा! आणि आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. नाही देता येत? मग म्हणा, विठ्ठल!