कमी केलेलं नाव

सदानंद: परत तेच. कॉम्प्युटर पासवर्ड चुकीचा बोलतो.

भाविनी: सावकाश टाकलात ना, बाबा?

सदानंद: एकेक बटण बघून टाकला. जाळं शिवताना पण एवढा वेळ लागत नाही मला.

भाविनी: काय टाकताय ते मोठ्याने सांगा बघू.

सदानंद: पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो. तूच शिकवलंस.

भाविनी: तो ठेवलाय पण मीच.

सदानंद: असू दे. फोनवर नाय सांगणार.

भाविनी: बरं. खाली उजव्या कोपऱ्यात बघा. मराठी दिसतंय की इंग्लिश?

सदानंद: मराठी. काल दक्षाआत्याला पोराच्या साखरपुड्याची पत्रिका टाइप करून दिली ना.

भाविनी: मग म्हणूनच घेत नाही तो. तिथे क्लिक करून इंग्लिश करा. नाहीतर राहू दे, तुमचं उघडायची गरजच नाही. डाव्या कोपऱ्यात माझं नाव असेल, त्यावर दाबा. माझा पासवर्ड सांगते.

सदानंद: आधी माझं उघडू दे.

भाविनी: कशाला? फाइल माझ्याकडे आहेत. आणि इथे सासरी, उधव्यात रेंजचं काही खरं नाही. मध्येच गुजरातचं नेटवर्क पकडतं आणि फोन तुटतो.

सदानंद: तुटला तर मी करीन. थांब, टाकतो. उघडलं बघ.

भाविनी: छान. आता बाहेर या आणि माझ्या नावावर दाबा.

सदानंद: एवढी कसली घाई आहे?

भाविनी: सकाळी सांगितलं ना. मॅडम मला पीएचडीला परत घ्यायला तयार आहेत. बोंबलाची मापं घेऊन ये, मग पुढचं बोलू, म्हणाल्या. सासूबाईसुद्धा हो म्हणाल्यात. इतक्या दिवसांनी सगळं जुळून आलंय.

सदानंद: बंदरावर मापायचीस ती?

भाविनी: आपण मापायचो ती. पट्टी तुम्ही धरायचात.

सदानंद: बायका हसायच्या मला. सदानंद बोंबलाला सदरा शिवतोय, बोलायच्या.

भाविनी: बाबा, डावा कोपरा.

सदानंद: तिथे माझंच नाव आहे.

भाविनी: आणि खाली?

सदानंद: खाली काय नाय.

भाविनी: असं कसं? बरं, आत जा. सी ड्राइव्ह उघडा. त्यात यूजर्स नावाचं फोल्डर असेल. त्यात कोणाकोणाची नावं आहेत?

सदानंद: सदानंद. आणि एक पब्लिक.

भाविनी: भाविनी नाही?

सदानंद: नाय.

भाविनी: नीट बघा. चष्मा लावलाय का?

सदानंद: लावलाय. नसणार ते, भाविनी. मी काढलं.

भाविनी: काय काढलं?

सदानंद: तुझं नाव. तुला रेशनकार्डाचा दाखला पाठवलेला ना दक्षाबरोबर? इथनं नाव कमी केल्याचा. त्यासाठी ऑफिसात दोन खेपा मारल्या मी. दाखला हातात आला, घरी आलो, कॉम्प्युटर लावला, तर समोर तुझं नाव. मला वाटलं, कार्डावरनं काढलं तर इथनं पण काढायला लागणार.

भाविनी: कोणी सांगितलं तुम्हाला असं?

सदानंद: कोणी नाय. पोरगी सासरी गेली की नाव कमी करतातच ना. इथनं कमी झालं की तिथे चढतं. तुझं चढलं ना नितीनरावांच्या कार्डावर?

भाविनी: चढलं.

सदानंद: तसंच वाटलं मला. नाव इथनं निघालं की तुझं सामान तुझ्या तिकडच्या कॉम्प्युटरवर जाईल. नेट चालूच होतं.

(फोनमधून फक्त पंख्याचा आवाज येतो.)

सदानंद: आहेस ना?

भाविनी: आहे. काढताना त्याने काही विचारलं होतं का? फाइल ठेवायच्या की पुसायच्या, असं?

सदानंद: विचारलेलं.

भाविनी: मग?

सदानंद: ‘पुसायच्या’वर दाबलं. दुसऱ्याच्या घरी गेलेल्या पोरीचं सामान अडकवून ठेवल्यासारखं नको, म्हणून.

भाविनी: एक फोन करायचात, बाबा.

सदानंद: तेव्हा कुठे बोलत होतो आपण.

भाविनी: नितीनशी लग्न ठरवलं म्हणून तुम्ही बोलत नव्हतात. लग्नालाही आला नाहीत.

सदानंद: नाय आलो.

भाविनी: रागाने काढलंत का? खरं सांगा.

सदानंद: रागाने असतं तर दाखल्यासाठी उन्हात उभा राहिलो असतो काय? पण थोडा राग होता. कॉम्प्युटर लावला की रोज तुझं नाव समोर यायचं. आणि तू तर तिकडे, डोंगरात. बघवत नव्हतं.

भाविनी: हं.

सदानंद: तुझ्याकडे दुसरीकडे नाय काय?

भाविनी: पहिल्या मोसमाची मापं मॅडमना मेल केली होती. बाकीची तिथेच.

सदानंद: आणि कागद? बंदरावर लिहायचीस ते?

भाविनी: मीच फेकले. माशाच्या पाण्याने भिजलेले, वास मारायचा. कॉम्प्युटरवर टाकलेत ना, मग कशाला ठेवायचे. पेनड्राइव्हवर घेतलं असतं तरी चाललं असतं. घरात आहे म्हणजे आहेच, असं वाटायचं मला.

सदानंद: परत मापू. मी पट्टी धरतो. अजून हात थरथरत नाय माझा.

भाविनी: त्या मोसमांचे बोंबील आता कुठून आणणार?

सदानंद: ते पण खरं.

भाविनी: बाबा, नाव काढल्यावर हा कॉम्प्युटर वापरलात तुम्ही?

सदानंद: रोज. समुद्रावरचा वारा बघतो, भजनं लावतो. दक्षा तिचे फोटो टाकून ठेवते.

भाविनी: पुसलेल्या जागेवर नवीन काही टाकलं की जुनं कायमचं जातं. जेवढं नवीन, तेवढं जुनं कमी. आता बंद करा. सरळ प्लगचं बटण दाबा. आणि पुन्हा लावू नका.

सदानंद: केला बंद.

भाविनी: वापीला एक जण पुसलेल्या फाइल परत मिळवून देतो. नितीन उद्या सीपीयूचा डबा न्यायला येईल. तुम्ही तो दाराबाहेर ठेवलात तरी चालेल.

सदानंद: त्याच्याकडनं सगळं परत येईल?

भाविनी: सगळं नाही. खरं सांगायचं तर, मला वाटत नाही काही येईल.

सदानंद: मग उगाच हेलपाटा त्यांना.

भाविनी: हो. नको पाठवू?

सदानंद: नाय, येऊ दे त्यांना. आत येऊ दे.