तेरणेची ओटी

निजामाच्या अमलातली गोष्ट, पण आजबी अंगावर काटा येतो बघा. आमच्या तेरला तेरणा नदी फुगली. चुलते म्हणाले, "ज्वारीची पोती माळवदावर चढवा, बैलं सोडा." आत्या भडकली. "आत्ताच म्या तेरणामायची ओटी भरली, खण-नारळ दिला. आता ती आपला उंबरा वलांडायची न्हाय!" चुलत्यांनी उचललेलं पोतं परत खाली ठेवलं.

घटकाभरात पाणी दारातनं आत शिरलं, अन् त्याच्यावर तरंगत आत्यानं कुंकू लावलेला नारळ थेट चुलीपाशी आला. आत्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "अगं बाई, ओटी परत केली तिनं!" म्हणत सगळ्यांच्या आधी तीच शिडी चढली. चुलत्यांनी कशीबशी बैलं सोडली. पोती खालीच ऱ्हायली.

त्या दिशी माळवदावर आमाला खायला तेवढा तो नारळच होता.